इंटरव्ह्यू झाला, "कळवतो" म्हणले, अन् एचआर गायब: आता काय करायचं

पासआऊट पोट्टे-पोट्टी बाहेर पडले की मला येणारे मेसेज जवळपास सारखेच असतात. "दादा इंटरव्ह्यू मस्त झाला, ते म्हणले दोन दिवसांत कळवतो, आता तिसरा आठवडा चालू आहे, फोन करू का नको करू?" मी आधी काही वर्षं नागपुरातच एका कन्सल्टन्सीत (कंपन्यांना माणसं शोधून देणारी एजन्सी) रिक्रूटर होतो, मग एका कंपनीत एचआरला, म्हणजे ज्या टेबलावरून हे "कळवतो" निघते त्या टेबलावर बसून झालंय माझं. त्यामुळे तिकडं नेमकं काय चालू असते ते आधी सांगतो आणि मग इकडून काय करायचं ते. फ्रेशर असा का आठ-दहा वर्षांचा अनुभववाला, गोष्ट थोड्याफार फरकानं तीच आहे.

गप्प काऊन बसतात?

सगळ्यात मोठं कारण कोणीच सांगत नाही, ते म्हणजे नोटीस पिरियड, राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत काढावे लागणारे दिवस. आपल्याकडं ३० दिवस, ६० दिवस, आयटीत तर ९० दिवसांचा नोटीस पिरियड चालते. समजा एका जागेसाठी तिघं शेवटपर्यंत आले, एक नंबरवाल्याला ऑफर दिली, तो हो म्हणला, पण तो जॉइन होणार दोन-तीन महिन्यांनी. तेवढ्या वेळात त्याला चालू कंपनी पगार वाढवून थांबवू शकते, किंवा तो हेच ऑफर लेटर दाखवून तिसरीकडं जास्त पैसे काढू शकते, आणि असं होते, भरपूर होते, शेवटच्या आठवड्यात तर जास्तच. म्हणून एचआर दोन नंबरवाल्याला "नाही" म्हणत नाही. हो म्हणायची सोय नाही, नाही म्हणायची इच्छा नाही, म्हणून गप्प. तुम्ही घरी बसून विचार करून राहिले की माझं कुठं चुकलं, टेक्निकल राउंडमध्ये तो एक प्रश्न आला नाही म्हणून गेलं का, आणि तिकडं तुमचं नाव एक्सेलमध्ये पिवळ्या रंगात बॅकअप म्हणून ठेवलेलं असते.

दुसरं कारण अप्रूव्हल. नागपूरच्या बऱ्याच ऑफिसांत माणूस निवडायचा अधिकार इथल्या मॅनेजरला असते पण पगाराच्या आकड्यावर सही पुण्याहून नाहीतर मुंबईहून येते. इथला मॅनेजर खरंच खूश असते, तुमच्याशी हात मिळवून "वेलकम" पण म्हणून टाकते, आणि मग ती फाइल तिकडं पडून राहते. मार्चच्या आसपास तर बोलूच नका, जुनं बजेट संपलेलं, नवीन उघडलेलं नाही.

तिसरं, हिंगणा नाहीतर बुटीबोरी एमआयडीसीतली लहान युनिटं. तिथं एचआर म्हणजे डिपार्टमेंट नसते, एक माणूस असते. हजेरी तोच पाहते, कँटीनचा ठेकेदार तोच सांभाळते, पीएफचं चलान तोच भरते, कोणाच्या बोटाला लागलं तर दवाखान्यात पण तोच घेऊन जाते. तो तुम्हाला टाळून नाही राहिला, त्याला तुमची आठवणच नाही.

बाकी मग जागाच होल्डवर गेली, आतलाच कोणी माणूस तिथं बसवला, ज्या रिक्रूटरनं तुम्हाला बोलावलं तिनंच नोकरी सोडली (हे वाटते त्यापेक्षा खूप होते, आणि मग तुमचे मेल एका बंद इनबॉक्समध्ये जाऊन राहतात). आणि एक आपला स्वभाव. तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येते लोकांच्या. मुलगी पाहून गेलेले लोक जसं "पत्रिका पाहून कळवतो" म्हणतात ना, तसंच आहे हे, पत्रिका कधीच जुळली नाही हे तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या लग्नात समजते.

कायदा काय म्हणते? उमेदवाराला निकाल कळवलाच पाहिजे असं खाजगी कंपनीवर आपल्याकडं बंधन नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम आलाय, २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीनं जाहिरात दिलेल्या जागेसाठी इंटरव्ह्यू घेतला असेल तर ४५ दिवसांत निर्णय झाला का नाही ते उमेदवाराला सांगायचं. इथं २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नियुक्तिपत्र देणं सक्तीचं केलंय, पण ते नोकरीवर घेतल्यावर. मधल्या शांततेबद्दल तुम्हीच तुमचं पाहायचं आहे.

तारीख तुम्ही मागायची

आता कामाचं. सगळा खेळ इंटरव्ह्यू संपायच्या शेवटच्या दोन मिनिटांत आहे. "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं ते विचारतात तेव्हा बहुतेक पोट्टे "नो सर" म्हणून उठतात, नाहीतर युट्यूबवर पाहिलेलं कंपनीचं व्हिजन वगैरे विचारतात. ते राहू द्या. हे विचारा: यानंतर किती राउंड आहेत, शेवटचा निर्णय कोणाचा आणि तो इथंच होणार का हेड ऑफिसला, साधारण कधीपर्यंत कळेल, आणि चौकशी करायची झाली तर कोणाला मेल करू.

समोरून "आम्ही कळवतो" एवढंच आलं तर सोडू नका, पण भांडू पण नका. फक्त म्हणायचं, "बरं सर, मग मी पुढच्या गुरुवारी एक मेल टाकून विचारलं तर चालेल ना?" याला मी आजपर्यंत कोणी "नाही, टाकू नको" म्हणलेलं पाहिलं नाही. झालं, आता तुमच्याकडं तारीख आहे आणि परवानगी पण आहे. गुरुवारी मेल टाकताना "त्रास देऊन राहिलो का" असा विचार करायची गरजच नाही, ठरलं होतं म्हणून टाकला. बाहेर निघाल्याबरोबर, ऑटोत बसायच्या आधी, ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, सोबत ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांची नावं आणि हुद्दा. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर नावं कॉल चालू असतानाच लिहून घ्या, कॉल कटला की ती चौकट पण गेली आणि नावं पण.

कॅम्पसमधून असाल तर थेट कंपनीला मेल करत बसू नका, तुमचे टीपीओ (कॉलेजचं प्लेसमेंट पाहणारे) सर मधात आहेत, त्यांना डावललं तर ते पुढच्या पोट्ट्यांच्या वेळी लक्षात ठेवतात. त्यांनाच तारीख विचारा, आणि गटानं विचारा, पंधरा जणांचे पंधरा फोन गेले तर ते पण फोन सायलेंटवर टाकतील.

कन्सल्टन्सीतून गेलात तर वेगळा हिशोब. तिथं रिक्रूटर तुम्हाला रोज गोड बोलेल, "प्रोसेसमध्ये आहे, पॉझिटिव्ह आहे", कारण बऱ्याच वेळा त्याला पण काही माहीत नसते आणि तुम्ही दुसरीकडं निघून गेलात तर त्याचं नुकसान आहे. कन्सल्टन्सीचे पैसे कंपनी देते, वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) ८.३३ टक्के म्हणजे एक महिन्याचा पगार असा रेट सर्रास चालते, आणि ते पण तुम्ही जॉइन होऊन काही दिवस टिकल्यावर. म्हणून त्याला दोनच गोष्टी विचारा. कंपनीकडून शेवटचं बोलणं कोणत्या तारखेला झालं? आणि मी कंपनीच्या पेरोलवर राहीन का तुमच्या, म्हणजे पगार कोण देणार? पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं की समजून जा की बोलणं झालंच नाही.

मेल कसा टाकायचा

त्याच दिवशी संध्याकाळी एक छोटा धन्यवादाचा मेल, चार ओळींचा. वेळ दिल्याबद्दल आभार, कोणत्या जागेसाठी आलो होतो, आणि इंटरव्ह्यूमध्ये ठरलेली तारीख परत लिहायची: "आपण सांगितल्याप्रमाणे गुरुवार २१ तारखेपर्यंत वाट पाहतो". हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, आभारबिभार कोणी वाचत नाही पण तारीख लेखी झाली.

मग ती तारीख आली आणि गेली, काही नाही. एक कामाचा दिवस जाऊ द्या आणि हे टाका. कंपनी इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, मजकूर असा ठेवा:

"नमस्कार मॅडम, मंगळवारी १२ तारखेला ज्युनिअर अकाउंटंटच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू झाला होता. पुढच्या राउंडबद्दल २१ तारखेपर्यंत कळेल असं ठरलं होतं. मी या जागेसाठी अजूनही इच्छुक आहे. निर्णयाला आणखी वेळ लागणार असेल तर साधारण किती, एवढं कळवलंत तर मला पुढचं ठरवता येईल. माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. धन्यवाद."

खाली नाव आणि नंबर. यात काय नाही ते पाहा. "काइंडली डू द नीडफुल" नाही, "मला नोकरीची खूप गरज आहे" नाही, "आपल्या प्रतिष्ठित संस्थेत" नाही. आणि विचारलं काय? "माझं सिलेक्शन झालं का" हे नाही विचारलं, "किती वेळ लागेल" हे विचारलं. सिलेक्शनचं उत्तर द्यायला तिला पाच जणांना विचारावं लागते, वेळेचं उत्तर ती स्वतः देऊ शकते, म्हणून उत्तर यायची शक्यता वाढते. नवीन मेल न करता जुन्या मेलवरच रिप्लाय करा, म्हणजे सगळी साखळी एका जागी दिसते आणि रिक्रूटर बदलली तरी नवीन माणसाला शोधाशोध करावी लागत नाही.

आता वेळ. एचआरच्या महिन्याला एक भरती-ओहोटी असते, ती समजून घ्या. महिन्याच्या २५-२६ तारखेपासून हजेरी क्लोज करणं, पगार काढणं चालू होते, ७ तारखेच्या आत टीडीएस (पगारातून कापलेला टॅक्स) भरायचा, १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयसी (कामगार विमा). लहान कंपनीत हे सगळं त्याच एका माणसाच्या डोक्यावर. म्हणजे १६ ते २४ हा पट्टा सगळ्यात चांगला, मंगळवार-बुधवार-गुरुवार, सकाळी अकराच्या आसपास. सोमवारी सकाळी मीटिंगा असतात, शनिवारी दुपारी कोणाचंच लक्ष नसते. दसरा-दिवाळीच्या आधी बोनसचा गोंधळ, तेव्हा उत्तर नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका.

पहिल्या मेलला उत्तर नाही तर चार-पाच कामाच्या दिवसांनी एक फोन. एकच. उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर पूर्ण मेसेज टाका, नाव, जागा, इंटरव्ह्यूची तारीख, प्रश्न, सगळं एकाच मेसेजमध्ये. "हाय मॅम" एवढंच टाकून उत्तराची वाट पाहणारे लोक असतात, आणि "गुड मॉर्निंग" फुलांचे फोटो टाकणारे पण असतात, मी खोटं नाही सांगून राहिलो. व्हॉइस नोट तर अजिबात नाही, ऑफिसात कोणी ऐकत नाही. निळ्या टिक आल्या अन् उत्तर नाही आलं तर दुसऱ्या नंबरवरून फोन लावायचा नाही, एवढ्यानं तुमचं नाव पिवळ्याचं लाल होते.

प्रत्यक्ष जाऊन भेटू का असं पण विचारतात. लहान युनिट असेल, मालक स्वतः बसत असेल, तर हिंगण्यात कधीकधी हे चालते, मालकाला आवडते पण की पोट्टा स्वतःहून आला. मिहानच्या एसईझेडमध्ये (विमानतळाजवळचं विशेष आर्थिक क्षेत्र) विसरून जा, गेटवर पासशिवाय आत सोडत नाहीत, तुम्ही बाहेर उन्हात उभे आणि सिक्युरिटीवाला तुमच्याकडं पाहून राहिला.

आणखी एक आठवडा गेला की शेवटचा मेल: "माझी दुसरीकडं प्रक्रिया चालू आहे, शुक्रवारपर्यंत काही कळलं नाही तर ही जागा भरली असं धरून मी पुढं जातो, नंतर जागा निघाली तर जरूर कळवा." बस. यानंतर काहीच पाठवायचं नाही. दुसरी ऑफर हातात नसताना "माझ्याकडं ऑफर आहे" म्हणून मात्र दडपून सांगू नका, एचआर सरळ म्हणते, लेटर पाठवा, मग काय पाठवाल? "प्रक्रिया चालू आहे" हे खरं असायला फक्त आणखी दोन जागी अर्ज केलेला असावा लागते, आणि तो तर तुम्ही केलेलाच असला पाहिजे.

बॅकअपवाल्यांसाठी

वर पिवळ्या रंगाचं म्हणलं ना, ते तुमच्या बाबतीत झालं असेल असा वास आला तर, म्हणजे सगळे राउंड झाले, पगारावर बोलणं झालं, डॉक्युमेंट मागितले, आणि मग शांतता, तर फोनवर सरळ विचारा, "मॅडम, कोणाला ऑफर गेली आहे का? गेली असेल तरी हरकत नाही, फक्त कळलं तर बरं." असं मोकळं विचारलं तर बऱ्याचदा खरं सांगतात, मी पण सांगायचो. आणि हो म्हणले तर एक वाक्य जोडा: "तिकडं काही बदललं तर मी १५ दिवसांत जॉइन होऊ शकतो." अर्थात होऊ शकत असाल तर. एक नंबरवाला ऐन वेळेवर पलटला की मॅनेजर डोक्याला हात लावून बसते, तेव्हा त्याला नवीन तीन महिने नको असतात, लवकर येणारा माणूस पाहिजे असते. मग पुढचा हिशोब सोपा आहे, इंटरव्ह्यू ऑगस्टमध्ये झाला आणि त्या माणसाचा नोटीस ६० दिवसांचा, तर ऑक्टोबरच्या शेवटी एक मेसेज टाकायचा. बाकी मधल्या दोन महिन्यांत त्या कंपनीचं नाव पण काढायचं नाही.

तोंडी होकारावर राजीनामा नाही

हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार होतो. फोनवर "काँग्रॅट्स, यू आर सिलेक्टेड, लेटर दोन दिवसांत येईल" आलं तरी राजीनामा द्यायचा नाही. लेटर ऑफ इंटेंट (नुसतं घ्यायचा विचार आहे असं सांगणारं पत्र) आलं तरी थांबायचं. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून यायला पाहिजे, त्यात हुद्दा, जॉइनिंगची तारीख, ठिकाण आणि पगाराचा ब्रेकअप पाहिजे, फिक्स किती, व्हेरिएबल किती, हातात किती. ठिकाण खास पाहा. नागपूर म्हणून बोलावतात आणि लेटरमध्ये "भारतात कुठेही" लिहिलेलं असते. ते वाचून, मेलवर ॲक्सेप्ट करून, मग राजीनामा.

एचआर म्हणते, "तुम्ही आधी रिझाइन करा, त्याचा मेल दाखवा, मग लेटर काढतो." याला सौम्य भाषेत, "लेटर आल्यादिवशी राजीनामा टाकतो मॅडम, नोटीस कमी करायचा प्रयत्न पण करतो." अडून बसली तर जाऊ द्या ती नोकरी. ज्यांना घरचं लोन आहे त्यांनी तर हा विषय चर्चेला पण घेऊ नये.

आणि लेटर आलं म्हणजे पण सगळं झालं असं नाही. २०२२ मध्ये पास झालेल्या बॅचच्या कितीतरी पोरांना मोठ्या आयटी कंपन्यांचे ऑफर लेटर हातात होते, जॉइनिंगची तारीख मात्र पुढं पुढं ढकलली जात होती, काहींची तर दोन वर्षं, शेवटी पुण्याची नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत गेली. म्हणून जॉइनिंगची तारीख पुढं ढकलणारा प्रत्येक मेल जपून ठेवा, फोनवर ढकलली तर तुम्हीच मेल टाका, "आज फोनवर झालेल्या बोलण्यानुसार माझी तारीख अमुक झाली आहे". तोपर्यंत बाकीचे इंटरव्ह्यू चालू. यात बेइमानी काही नाही, त्यांनी पण बॅकअप ठेवलाच होता.

इंटरव्ह्यूच्या दिवशीचे घोळ

आदल्या दिवशी संध्याकाळी कन्फर्म करायचंच, वेळ, पत्ता, कोणाला भेटायचं, गेटवर कोणाचं नाव सांगायचं. बुटीबोरी शहरापासून चांगलं पंचवीस-तीस किलोमीटर आहे, मेट्रो सध्या तरी खापरीपर्यंत, पुढचं तुमचं तुम्ही. मे महिन्यात ४५ डिग्रीत तिथं पोचायचं आणि मग समजायचं की साहेब आज आलेच नाही. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा सिव्हिल लाइन्स, बर्डी, व्हरायटी चौक, मोर्चे आणि बॅरिकेड, अर्धं शहर वळसा घालून जाते. त्या दिवसांत इंटरव्ह्यू असेल तर बर्डीपर्यंत मेट्रोनं या.

पोचल्यावर बसवून ठेवलं तर अर्धा-पाऊण तास बसा, मग रिसेप्शनवर शांतपणे विचारा आज होणार का. नाही म्हणले तर निघायच्या आधी तिथूनच मेसेज: "आज ११ वाजता ठरल्याप्रमाणे मी ऑफिसला आलो होतो, १२ पर्यंत थांबलो, इंटरव्ह्यू होऊ शकला नाही, पुढची तारीख कळवावी, शक्य असल्यास पहिला राउंड ऑनलाइन घ्यावा." चूक तुमची नव्हती हे लेखी राहते. एकदा समजून घ्या, दुसऱ्यांदा पण असंच झालं तर जे लोक इंटरव्ह्यूच्या वेळी असं करतात ते पगाराच्या वेळी कसे असतील त्याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल.

पुण्याला बोलावलं तर आधी ऑनलाइन राउंड मागा, आणि येण्याजाण्याचा खर्च देणार का हे जायच्या आधी मेलवर विचारा. आल्यावर तिकिटं दाखवून मागणं म्हणजे मिळालं तर नशीब. रात्रभर ट्रॅव्हल्सनं जाऊन दहा मिनिटांच्या एचआर राउंडसाठी बसायचं असेल तर नाही म्हणायला काहीच हरकत नाही.

शांततेनंतर अचानक आलेला गोड फोन

बरेच दिवस काहीच नाही आणि मग एक दिवस अनोळखी नंबरवरून "तुमचं सिलेक्शन झालं, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा" नाहीतर ट्रेनिंग, व्हेरिफिकेशन, गेटपास असलं काही. वाट पाहून पाहून माणूस इतका थकलेला असते की त्याला ते खरं वाटते. नोकरी देणारी कंपनी पैसे मागत नाही. कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कॉल, जितका लवकर तितकं बरं. ऑफरच्या आधी आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, यूआयडीएआयच्या साइटवरून निघते, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. बँक स्टेटमेंट आणि ओरिजिनल मार्कशीट तर ऑफर हातात आल्याशिवाय कोणालाच नाही, आणि ओरिजिनल फक्त दाखवायची, ठेवायला द्यायची नाही.

सरकारी कंपनीत गोष्ट वेगळी. वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा), मॉइल (मँगनीज), दोघांची मुख्यालयं आपल्या नागपुरातच, तिथं १० रुपये फी भरून माहिती अधिकारात अर्ज टाकता येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते, तुमचे मार्क, कटऑफ विचारता येते. खाजगीत ही सोय नाही, तिथं फार तर ॲम्बिशनबॉक्स नाहीतर ग्लासडोर या कंपन्यांचे रिव्ह्यू असणाऱ्या साइटवर इंटरव्ह्यूचा अनुभव लिहा. कोणाचं नाव न घेता, शिव्या न देता, किती राउंड झाले, काय सांगितलं, काय झालं एवढंच. तुमच्या आधी कोणी लिहिलं असतं तर तुम्हाला पण कामी आलं असतं ना.

घरच्यांचं पण एक सांगतो. आई रोज विचारते, बाबा विचारत नाहीत पण पेपरच्या वरून पाहतात, आणि काकू तर थेट पॅकेजच विचारते. त्यांना पण तारीखच द्या. "२२ तारखेपर्यंत विचारू नका, २२ ला मीच सांगतो." चालते हे, निदान २२ पर्यंत.

आणि तीन महिन्यांनी तोच फोन परत येते. "हाय, आर यू स्टिल लुकिंग फॉर अ चेंज?" जणू मधात काही झालंच नाही. तेव्हा ऐकवून द्यायची खूप इच्छा होते, पण फोन करणाऱ्या त्या पोरीला ऐकवून काही उपयोग नाही, ती बहुतेक नवीनच आलेली असते. आधी विचारा, जागा तीच आहे का बदलली, तेव्हा बोललेला पगार तोच आहे का, आता राउंड परत होणार का सरळ ऑफर, आणि लेटर कोणत्या तारखेला. आधीचा माणूस आलाच नाही असं कळलं तर पगार थोडा वर बोलायची हीच वेळ आहे, त्यांना घाई आहे, तुम्हाला नाही. सगळं बोलून झालं की त्यांनाच सांगा मेल टाकायला, आणि दुसरीकडं उद्या इंटरव्ह्यू असेल तर तो कॅन्सल करू नका.